वाचकांचे प्रश्न : घरचा कोंबडीचा रस्सा

आषाढ लागला की या सदराच्या टपालाचा रंगच बदलतो. श्रावणात सामिष वर्ज्य करणाऱ्या घरांतून त्याआधी आखाड साजरा होतो आणि एरवी मेतकुटाचे प्रमाण विचारणारे वाचकही या पंधरवड्यात कोंबडीविषयी विचारू लागतात. या वेळच्या पत्रांपैकी बहुतेकांची तक्रार एकच आहे: मसाले सगळे घातले, तरी रस्सा घरच्यासारखा होत नाही. माझ्या मते साध्या रश्श्यात मसाल्यांची संख्या ही सर्वांत कमी महत्त्वाची बाब असते. वाटण किती भाजले, पाणी केव्हा आणि कसे घातले आणि मुळात कोंबडी कोणती होती, यावर बहुतेक सारे ठरते.

मी नोकरीनिमित्त एकटा राहतो. आईला फोनवर विचारले, तर ती 'अंदाजाने घाल' म्हणते. चार माणसांना पुरेल असा साधा रस्सा मोजमापासह सांगाल का? घरी मिक्सर आहे, पाटा-वरवंटा नाही.
— एक वाचक, हडपसर, पुणे

मोजमाप सांगते, परंतु आईच्या अंदाजाला नावे ठेवू नका. तिच्या त्या ठरावीक पातेल्याचे आणि ठरावीक वाटीचे मापच त्या शब्दात दडलेले असते.

चौघांसाठी हाडासकट एक किलो कोंबडी घ्यावी आणि दुकानदाराला मध्यम तुकडे करायला सांगावे. फार बारीक तुकडे केले की हाडांचे कपचे रश्श्यात येतात. बोनलेस घेऊ नये, कारण रश्श्याला येणारा दाटपणा आणि चव यांचा मोठा भाग हाडे व सांधे यांतून उतरतो. तुकड्यांना दीड छोटा चमचा मीठ, अर्धा चमचा हळद आणि दीड मोठा चमचा आले-लसणाचे वाटण चोळून अर्धा तास झाकून ठेवावे. घाई असेल तर आले-लसूण नंतर घातले तरी चालते, मीठ मात्र आधीच लावावे. ते मांसात मुरायला वेळ लागतो, आणि मुरलेल्या मिठामुळे शिजताना तुकड्यांतले पाणी कमी सुटते.

वाटणासाठी दोन मोठे कांदे उभे चिरून, पाऊण वाटी किसलेले सुके खोबरे, आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आले आणि मूठभर कोथिंबीर एवढे साहित्य पुरते. खसखस असल्यास एक चमचा घ्यावी, नसल्यास अडत नाही. भाजण्याची पद्धत पुढच्या उत्तरात सविस्तर दिली आहे.

आता दोन भांडी मांडावीत. जाड बुडाच्या पातेल्यात एक मोठा चमचा तेल तापवून त्यात दोन तमालपत्रे, चार लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा आणि एक बारीक चिरलेला कांदा परतावा आणि कांदा मऊ झाला की कोंबडी घालून मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटे हलवत राहावे. तुकड्यांचा गुलाबी रंग जाऊन ते पांढुरके दिसू लागले की आच मंद करून पातेल्यावर खोलगट ताटली ठेवावी आणि तिच्यात तीन वाट्या पाणी ओतावे. या ताटलीतल्या पाण्याची युक्ती आपल्याकडे जुनी आहे आणि फार शहाणपणाची आहे: वरून गार राहिलेल्या ताटलीला आतली वाफ लागते, तिचे पाणी होते आणि ते पुन्हा कोंबडीवर पडते, म्हणून वेगळे पाणी न घालताही कोंबडी बुडाला लागत नाही. शिवाय पंधरा मिनिटांनी ताटलीतले पाणी आपोआप कढत झालेले असते आणि तेच रश्श्यासाठी ओतता येते. ते ओतल्यावर आणखी दहा मिनिटे मंद उकळू द्यावे.

तेवढ्या वेळात कढईत तीन मोठे चमचे तेल घेऊन वाटण परतावे. आठ-दहा मिनिटांत ते कढईपासून सुटू लागते आणि कडेने तेल दिसते. तेव्हा आच अगदी बारीक करून तीन छोटे चमचे कांदा-लसूण मसाला घालावा आणि मिनिटभरच परतावा. हा मसाला जवळ नसेल तर दोन चमचे तिखट, एक चमचा धणेपूड आणि अर्धा चमचा गरम मसाला असे घ्यावे. कांदा-लसूण मसाल्यात मीठ असते, हे लक्षात ठेवून शेवटचे मीठ चाखूनच घालावे. मग पातेल्यातली कोंबडी पाण्यासकट कढईत ओतून पाच-सात मिनिटे मंद उकळी द्यावी आणि वरून कोथिंबीर घालावी. कलेजी-पेठा घेतला असेल, तर पेठा कोंबडीबरोबर सुरुवातीलाच आणि कलेजी या शेवटच्या उकळीत घालावी. आधी घातलेली कलेजी कोरडी, रवाळ होते.

माझे वाटण कधी कडू होते, तर कधी कच्चट, उग्र लागते. कांदा, खोबरे, लसूण मी एकाच वेळी कढईत घालून भाजते. साहित्य दर वेळी तेच असते. चूक कोठे होत असेल?
— एक गृहिणी, सातारा

आपण तिन्ही जिन्नस एकत्र भाजता, असे लिहिले आहे. दोष तेथेच आहे. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते आणि ते निघून जाईपर्यंत कांदा उकळत्या पाण्यापेक्षा फारसा अधिक तापत नाही, म्हणून त्याला रंग चढत नाही. सुक्या खोबऱ्यात पाणी नगण्य आणि तेल भरपूर असते, त्यामुळे ते दोन-तीन मिनिटांत तांबूस होते व पुढच्या मिनिटात करपते. लसूण बारीक असेल तर तोही तेवढ्याच वेगाने कडू होतो. एकत्र भाजताना आपण खोबऱ्याकडे पाहून कढई उतरवली की कांदा कच्चा राहतो आणि वाटण उग्र लागते. कांद्याची वाट पाहिली की खोबरे करपते आणि वाटण कडू होते. कधी एक, कधी दुसरे, असे होण्याचे कारण एवढेच.

म्हणून प्रथम कांदा घ्यावा. कढईत चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ घालून तो मध्यम आचेवर भाजत राहावे. मिठामुळे कांद्याचे पाणी लवकर सुटते. सुरुवातीला कढईतून वाफेचा फसफस आवाज येत असतो, कांदा पारदर्शक होऊन त्याचा ढीग बसतो; मग तो आवाज बदलून बारीक तडतड ऐकू येऊ लागते, म्हणजे पाणी संपले व खरे भाजणे सुरू झाले. येथून पुढे कढईजवळून हलू नये. कडा लाल आणि मध्य पांढरा अशा अवस्थेत पुष्कळ जण थांबतात, परंतु सगळा कांदा सारखा बदामी व्हायला हवा. दोन मोठ्या कांद्यांना पंधरा मिनिटे तरी लागतात. पाककृतींत 'पाच मिनिटांत कांदा लालसर होतो' असे बिनदिक्कत छापलेले असते, त्यावर विश्वास ठेवू नये. रंग लवकर यावा म्हणून साखर घालणारेही असतात. त्याने रंग येतो, कच्चेपणा मात्र तसाच राहतो.

कांदा काढून त्याच कढईत, आच मंद करून, कोरडेच खोबरे भाजावे आणि हवा तो रंग येण्याच्या किंचित आधी ताटात काढावे, कारण तापलेल्या कढईत ते उतरवल्यानंतरही भाजत राहते. त्यानंतर खसखस, मग आले-लसूण नुसते ऊन लागेपर्यंत. कोथिंबीर भाजायची गरज नाही. खोबरे मात्र घेण्यापूर्वी चावून पाहावे. पावसाळ्यात डब्यात राहिलेल्या वाट्या खवट होतात, आणि खवट खोबऱ्याची चव कोणत्याही मसाल्याने झाकली जात नाही.

काही घरांत अख्खा कांदा आणि खोबऱ्याची वाटी विस्तवावर भाजतात. गॅसच्या ज्योतीवरही ते करता येते आणि त्या रश्श्याला धुराचा एक सुरेख वास येतो, पण वरचे काळे झालेले पापुद्रे आणि खोबऱ्याचा जळका भाग खरवडून टाकायला हवा. तो तसाच वाटला तर कडवटपणा आलाच.

वाटताना सारे पूर्ण गार झालेले असावे, नाहीतर कोंडलेल्या वाफेने मिक्सरचे झाकण उडते. आधी खोबरे-खसखस कोरडी फिरवावी, मग कांदा व इतर जिन्नस आणि अगदी थोडे पाणी घालून गंधासारखे मऊ वाटावे. भरड वाटण रश्श्यात मिळून येत नाही. पाणी वर आणि चोथा खाली राहतो.

रश्श्यावर तर्री येत नाही. तिखट भरपूर घालूनही रंग तपकिरी दिसतो. जास्त तेल घालणे हाच उपाय आहे का?
— एक वाचक, नाशिक

तेल थोडे अधिक लागते हे खरे, पण तेल वाढवूनही तर्री न आलेले रस्से पुष्कळ घरांत होतात. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ उतरत नाही. आपण तिखट उकळत्या रश्श्यात घालत असाल, तर त्याला तेलाशी गाठ पडायची संधीच मिळत नाही. वाटणाला तेल सुटल्यावर, मंद आचेवर, त्या सुटलेल्या तेलातच तिखट पडले पाहिजे, आणि ते करपायच्या आत कोंबडीचे कढत पाणी त्यात गेले पाहिजे. करपलेले तिखट तपकिरी होते. आपल्या रश्श्याच्या रंगाचे कारण बहुधा तेच असावे.

गार पाणी ओतले की उकळी मोडते, ती पुन्हा येईपर्यंत वेळ जातो आणि वाटण खाली बसते, म्हणून कढत पाण्याचा आग्रह असतो. त्यानंतर रस्सा खळाखळा न उकळता मंद आचेवर, झाकण किंचित सरकवून ठेवावा. जोराच्या उकळीत तेल ढवळले जाऊन रश्श्यातच मिसळून राहते. मंद आचेवर ते सावकाश वर येते. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे हात न लावता ठेवले की तर्रीचा थर स्पष्ट दिसतो.

तिखटाविषयी म्हणाल, तर रंग आणि जाळ ही दोन वेगळी कामे आहेत. बेडगी मिरची रंग देते आणि बेताचीच तिखट असते. लवंगी लहान दिसते, पण ती जाळ देते. दोन भाग बेडगी आणि एक भाग तिखट मिरची असे मिश्रण घरी करून ठेवले, तर लाल रंगासाठी डोळ्यांतून पाणी काढायची वेळ येत नाही.

वडिलांनी आठवडी बाजारातून गावरान कोंबडा आणला. कुकरच्या दोन शिट्ट्या केल्या, तरी तो वातड राहिला. उलट ब्रॉयलर दोन शिट्ट्यांत फुटतो. नेमके कसे करावे?
— एक वाचक, औसा, जि. लातूर

ही दोन्ही एकाच नावाने विकली जात असली, तरी स्वयंपाकाच्या दृष्टीने ती दोन निराळी मांसे आहेत. ब्रॉयलर पाच ते सहा आठवड्यांत विक्रीला येतो. गावरान कोंबडा अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, मोकळा हिंडलेला असतो. हिंडण्याने स्नायू भरतात आणि वयाबरोबर त्या स्नायूंना बांधून ठेवणारे तंतू अधिक घट्ट होत जातात. ते तंतू विरघळून त्यांचा चिकट रस व्हायला उष्णता लागते, त्याहून अधिक वेळ लागतो. तो वेळ दिला की गावरानच्या रश्श्याला जो अंगचा दाटपणा येतो, तो ब्रॉयलरला काजू-मगज घालूनही येत नाही.

कोंबडा जून आहे की कोवळा, हे आणतानाच पाहावे. पायांवरचे खवले खरखरीत, नखी लांब व टणक आणि छातीच्या हाडाचे टोक दाबून न वाकणारे असेल, तर तो जून समजावा. अशा कोंबड्याला मीठ-हळद आणि आले-लसूण लावून तासभर तरी ठेवावे. मग तेलात परतून, तुकडे जेमतेम बुडतील एवढे कढत पाणी घालून कुकरमध्ये मोठ्या आचेवर एक शिट्टी येऊ द्यावी आणि नंतर आच बारीक करून वीस मिनिटे ठेवावे. शिट्ट्या मोजण्यापेक्षा बारीक आचेची मिनिटे मोजणे अधिक भरवशाचे असते, कारण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या वेगाने होते. वाफ आपोआप उतरल्यावर मांडीचा तुकडा काढून पाहावा. मांस हाडापासून सहज सुटत नसेल, तर आणखी दहा मिनिटे द्यावीत. चुलीवर किंवा उघड्या पातेल्यात केल्यास दीड ते दोन तास धरून चालावे, आणि तेवढा वेळ असेल तर तेच करावे, असे मी म्हणेन.

कच्च्या पपईचा उपाय खरा आहे, पण तो बेतानेच करावा. किलोला चमचाभर वाटलेली पपई अर्धा तास लावणे पुरे. रात्रभर लावून ठेवल्यास तुकड्यांचा वरचा थर पिठाळ होतो आणि आत मांस वातडच राहते.

ब्रॉयलरला कुकरची गरजच नाही. उघड्या पातेल्यात तो अर्ध्या तासात होतो, आणि छातीचे तुकडे तर त्याच्याही आधी. मांडी आणि तंगडी जास्त शिजली तरी बिघडत नाहीत, छाती मात्र चोथ्यासारखी होते; म्हणून शक्य असल्यास छातीचे तुकडे दहा मिनिटे उशिरा घालावेत.

कोंबडी पूर्ण शिजली तरी हाडाजवळ लालसर, गुलाबी दिसते. पाहुण्यांनी 'कच्ची आहे' म्हणून ताट बाजूला सारले. ती खरोखर कच्ची असते का?
— एक वाचक, ठाणे

केवळ त्या रंगावरून तसे म्हणता येत नाही. ब्रॉयलर वयाने लहान असतो, त्याची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात आणि शिजताना हाडातील मज्जेचा रंग बाहेर झिरपून जवळच्या मांसाला लागतो. आधी गोठवलेल्या कोंबडीत हे अधिक दिसते. खूण पाहायची तर मांडीच्या जाड भागात सुरी घालावी. मांस तंतुमय होऊन हाडापासून सुटत असेल, तर ते शिजले आहे. उलट मांस काचेसारखे चकचकीत, घट्ट व चिकट लागत असेल, तर रंग कोणताही असो, पातेले पुन्हा चढवावे. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा तापमापक आहे त्यांनी तुकड्याच्या मध्यभागी 74 अंश सेल्सियस एवढे तापमान आल्याची खात्री करावी.

मुलगा परदेशातून आला आहे. तो म्हणतो, कोंबडी नळाखाली धुणे धोक्याचे आहे. आम्ही तर तीन-तीन पाण्यांनी धुतो. खरे काय मानावे?
— एक गृहिणी, डोंबिवली

मुलाचे म्हणणे निराधार नाही. कच्च्या कोंबडीवर कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जंतू असू शकतात आणि जोराच्या धारेखाली धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी ठेवलेल्या कोशिंबिरीवर जाऊन पडतात. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने 2014 साली याच कारणासाठी कोंबडी न धुण्याची मोहीम चालवली होती. धुण्याने जंतू मरत नाहीत. हळदीने, लिंबाने किंवा व्हिनेगरनेही मरतात असे समजू नये. ते मरतात शिजवण्याने.

परंतु तिकडे कोंबडी साफ करून, बंद वेष्टनात मिळते. आपल्याकडे समोर कापून घेतलेल्या कोंबडीला रक्त, पिसांची मुळे आणि लाकडी ठोकळ्यावरचा भुसा लागलेला असतो, आणि तो न काढता शिजवा असे मी सांगणार नाही. मधला मार्ग असा की तुकडे खोल पातेल्यात घ्यावेत, त्यात हळूच पाणी ओतावे, हाताने चोळून ते पाणी मोरीत अलगद सोडावे. वाहत्या नळाखाली धरू नये. त्या वेळी आसपास दुसरे काही खाद्य ठेवू नये, आणि नंतर मोरी, ओटा, सुरी व हात साबणाने धुवावेत. एक पाणी पुरे होते. तिसऱ्या पाण्यापर्यंत मन निवळत असेल, कोंबडी अधिक स्वच्छ होत नसते.

माझे माहेर सांगलीचे आणि सासर सावंतवाडीचे. माहेरी सुके खोबरे, सासरी ओला नारळ. सासूबाईंचा नारळाच्या रसाचा रस्सा मी केला की फुटतो. दोन्हींचे प्रमाण कसे सांभाळावे?
— एक वाचिका, सावंतवाडी

आपल्याला दोन रस्से येतात, ही तक्रारीची गोष्ट नव्हे. सुके खोबरे खमंगपणा आणि तेल देते, म्हणून ते झणझणीत मसाल्याला पेलते. ओला नारळ गोडवा देतो. त्याबरोबर धणे, बडीशेप यांचा अंश असलेला मालवणी मसाला शोभतो. त्यात माहेरचा कांदा-लसूण मसाला घातला, तर दोन्ही चवी एकमेकींना मारतात.

रस फुटतो तो आचेमुळे. एका नारळाचा रस दोनदा काढावा. पहिला दाट रस बाजूला ठेवावा आणि उरलेल्या खोवलेल्या नारळात पुन्हा पाणी घालून निघालेल्या दुसऱ्या, पातळ रसात कोंबडी शिजवावी. दाट रस अगदी शेवटी, आच मंद करून घालावा, रस्सा कडेने हलू लागला की उतरावा आणि उकळी फुटू देऊ नये. आंबटपणासाठी कोकम घालायचे असेल, तर तेही गॅस बंद केल्यावरच घालावे, कारण आंबट आणि उकळी एकत्र आली की रस हमखास फुटतो. सासूबाई काय करतात ते पाहत उभे राहिलात, तर त्या शेवटी झाकणही ठेवत नाहीत, असे आढळेल. झाकणाखाली रस नकळत उकळतो.

घरात तीन वर्षांची नात आहे आणि सासऱ्यांना तिखट वर्ज्य आहे. प्रत्येकासाठी वेगळे शिजवणे होत नाही.
— एक गृहिणी, इचलकरंजी

आपण ज्या भागात राहता, तेथे याचे उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरात आहे: आळणी काढून ठेवायची. पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे कोंबडी फक्त मीठ, हळद, आले-लसूण आणि कांद्यावर शिजली की तिखट पडण्याआधी दोन वाट्या पाणी आणि चार मऊ तुकडे वेगळे काढावेत. नातीसाठी ते पाणी भातावर, तुकड्यांची हाडे काढून आणि मांस बोटांनी चुरून द्यावे. मानेच्या आणि पाठीच्या तुकड्यांत बारीक हाडे असतात, ते मुलांच्या वाटीत जाऊ देऊ नयेत. सासऱ्यांच्या वाटीत वरून तुपाची लवंग-मिरीची फोडणी देता येईल. त्यांना मीठही कमी सांगितले असल्यास आळणी काढेपर्यंत मीठ निम्मेच घालावे आणि उरलेले नंतर तांबड्या रश्श्यात घालावे.

याच आळणीचा पांढरा रस्साही होतो, फक्त त्या दिवशी कोंबडीला हळद लावू नये. खसखस, तीळ आणि काजू भिजवून मऊ वाटावेत, तुपात वेलची, लवंग, दालचिनी, मिरी तडतडवून त्यावर हे वाटण जरासे परतावे, आळणीचे पाणी ओतावे आणि नारळाचा दाट रस शेवटी घालावा. त्याची आच सावंतवाडीच्या वाचिकेला सांगितली तशीच सांभाळावी.

रस्सा खारट झाला तर बटाटा टाकावा, असे सगळे सांगतात. खरेच उपयोग होतो का?
— एक वाचक, जळगाव

बटाटा रश्श्यातले खारट पाणी शोषतो, त्यातले मीठ तेवढे वेचून घेत नाही. उरलेला रस्सा जवळजवळ तेवढाच खारट राहतो. चांगला बटाटा मिळतो, एवढा लाभ जरूर होतो. खरा उपाय म्हणजे बिनमिठाचे वाटण आणखी थोडे करून, परतून, कढत पाण्यासह त्यात वाढवणे.

येथे हाडाशिवायचे छातीचे मांस सहज मिळते, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मिळत नाहीत. कसे भागवावे?
— एक विद्यार्थिनी, श्टुटगार्ट, जर्मनी

छातीच्या मांसाचा नाद सोडावा आणि हाडासकट मांड्या किंवा तंगड्या घ्याव्यात. त्या तेथील कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतात आणि बहुधा स्वस्तही असतात. कातडी काढून टाकावी आणि मोठी मांडी सांध्यावर कापून दोन भाग करावेत. खोबऱ्याऐवजी केक-बिस्किटांच्या सामानात मिळणारा बिनसाखरेचा नारळाचा कीस चालतो, पण तो बारीक असल्याने मिनिटभरात भाजला जातो, तेव्हा सावध असावे. वेष्टित कोंबडी गोठलेली असेल तर ती ओट्यावर न ठेवता आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवून उतरू द्यावी. वाटण एकदाच दुप्पट करून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवले, तर परीक्षेच्या दिवसांत अर्ध्या तासात रस्सा होतो.

दुसऱ्या दिवशीचा रस्सा अधिक चांगला लागतो, असे सासूबाई म्हणतात, पण त्या पातेले रात्रभर ओट्यावरच झाकून ठेवतात. ते बरोबर आहे का?
— एक वाचिका, अहिल्यानगर

चवीबाबत त्यांचे बरोबर आहे. रात्रभरात मीठ आणि मसाला तुकड्यांत मुरतो, आले-लसणाची तीव्रता निवते आणि हाडांतून उतरलेल्या रसाने रस्सा दाट होतो. फ्रीजमधून काढल्यावर तो थलथलीत गोठलेला दिसतो तो याचमुळे, त्यात बिघाड काही नाही. ओट्यावर ठेवण्याबाबत मात्र त्यांना नम्रपणे अडवावे. शिजलेले अन्न कोमट अवस्थेत फार वेळ राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत रस्सा फ्रीजमध्ये जायला हवा, आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. मोठे पातेले तसेच ठेवले तर ते मध्यभागी तासन्‌तास कोमट राहते. त्यापेक्षा दोन-तीन पसरट डब्यांत वाटून ठेवावे. दुसऱ्या दिवशी जेवढा लागेल तेवढाच डबा काढून चांगली उकळी येईपर्यंत गरम करावा. उरलेला पुन्हा पुन्हा गरम-गार करू नये. तर्री वर घट्ट झालेली असेल, ती आधी चमच्याने अलगद काढून कढईत घालावी, ती वितळली की बाकीचा रस्सा तिच्यावर ओतावा.